इमान

सोनेगावच्या शेडमध्ये ते शेपटीवर बसलेलं असायचं,
नाक वर,
पाठीवरचं ओझं उतरवून टेकलेल्या हमालासारखं.
बाप त्याला इमान म्हणायचा.
शाळेत जायला लागल्यावर मी दुरुस्त केलं : वि-मान.
"हौ, तेच," तो म्हणाला. "इमान."

डोमाजी पराते, हलबा कोष्टी, गोळीबार चौकामागची गल्ली.
मागावरून उठून तो तिथे कसा पोचला, तर असा :
डाकोटाचं अंग पत्र्याचं, पण शेपटीचं सुकाणू कापडाचं.
साहेबाने तुकडा पुढे केला,
इंचाला दोरे किती, सांगता येईल?
बापाने डोळे मिटून बोट फिरवलं. अठ्ठ्याहत्तर.
भिंग लावून पाहिलं.
अठ्ठ्याहत्तर.

आधीचा इतिहास कागदावर होता
आणि कागद दिल्लीला.
इथे होती फक्त खेचरांच्या नालांनी खरवडलेली जमीन,
चंदेरी पापुद्र्याखाली शेवाळी हिरवा रंग,
दाराच्या आतून खिळ्याने ओढलेल्या एकवीस रेघा.
फेऱ्या? माणसं? उसन्या सिगारेटी?
आसामातून डोंगर ओलांडून म्हणे चीनला तेल नेलं,
बर्माच्या जंगलात तांदळाची पोती वरूनच ढकलली,
येताना जखमी आणले, त्यांतले काही येईपर्यंत राहिले नाहीत.
लढाई संपली तसं लिलावात निघालं.

मग डाक.
मध्यरात्री मुंबईचं, कलकत्त्याचं, दिल्लीचं, मद्रासचं
अशी चार येऊन उभी राहत,
नागपूर मधोमध, म्हणून अदलाबदल नागपूरला.
डाक नेतं म्हणून डाकोटा,
असं हमाल एकमेकांना सांगत, आणि कोणी खोडून काढलं नाही.
मनीऑर्डरी, समन्स, मुलगी पसंत असल्याची पत्रं,
सगळं त्या नालांच्या खुणांवर.

एका उन्हाळ्यात सुकाणूचं जुनं कापड उसवताना
त्याला आत एक ठिगळ सापडलं.
तळहाताएवढं. गोळीचं की गारेचं, कोण जाणे.
कापडं बदलताना कोणी तरी ते जपून आत ठेवलेलं.
टाका डावखुऱ्याचा,
घाईचा, पण शेवटच्या गाठीपाशी घाई थांबलेली.
बाप ते उन्हाकडे धरून बराच वेळ बसला.
"पोरगं असन," म्हणाला, "वीस-बावीसचं.
टाका शिकलं मायपाशी, गाठ शिकलं फौजेत."
मग नवं कापड. अडीच इंचावर गाठ, अडीच इंचावर गाठ,
वरून डोपचे हात,
त्याचा पिकल्या केळ्यांचा वास आठवडाभर बंडीला.
ठिगळ खिशात. नियमात बसत नव्हतं.

रात्री घरी धोटा थांबवून तो आवाज मोजायचा.
एक. दोन. तीन.
आई कूस बदलून म्हणायची, "झोपा ना आता,
तुमचं कोणतं पत्र यायचं आहे?"
एका श्रावणात चौथं आलंच नाही.
मद्रासचं. त्याच्या हातचं.
तो उंबऱ्यावर बसला, अंगठ्यावर दोरा गुंडाळत, सोडत,
सुकाणूची एकेक गाठ पहिल्यापासून
परत बांधून पाहत.
पावणेचारला टेकडीपलीकडे घरघर झाली.
"आलं."
एवढंच, आणि दिवा न लावता
त्याने मागाच्या खड्ड्यात पाय सोडले.

पुढे जेट आली. त्यांच्यात शिवण्यासारखं काही नव्हतं.
इमान वजनावर गेलं.
काय भावाने, ते बापाला ठाऊक होतं,
आम्हांला त्याने सांगितलं नाही.

ठिगळ माझ्याकडे आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत.
कधीकधी काढते, डोळे मिटते, बोट फिरवते.
परवा एक्क्याऐंशी भरले.
त्याआधी शहात्तर.